अडीचशेचा व्हिडिओ गेम

आमच्या घरात प्रत्येक वस्तूला दोन भाव असायचे. एक दुकानात दिलेला आणि दुसरा आईला सांगितलेला. पप्पा काहीही घेऊन आले की ते चप्पल काढेपर्यंत आईचा प्रश्न यायचा, "कितीला?" आणि पप्पा अगदी सहजपणे खऱ्या किमतीच्या निम्मी किंमत सांगायचे. आईलाही ते माहीत होतं. ती मनातल्या मनात दुप्पट करून घ्यायची आणि विषय संपायचा. शेजारच्या घरांतूनही हेच चालायचं, त्यामुळे यात काही वावगं आहे असं मला माझं लग्न होईपर्यंत वाटलं नाही.

या पद्धतीत एकदाच मोठा घोळ झाला, तो एका व्हिडिओ गेमवरून.

नव्वदच्या दशकात आम्ही उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये राहायचो आणि पप्पा अंबरनाथच्या एका कारखान्यात होते. टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमचं तेव्हा वेड होतं. दादा सहावी-सातवीत असेल. ज्याच्या घरी गेम, त्याच्या घरी दादा. पण ती मुलं त्याला हातात काही देत नसत. तो त्यांच्या खोलीत दाराशी बसून टीव्हीवर पळणारे दुसऱ्यांचे रणगाडे बघायचा आणि घरी येऊन जेवायच्या ताटाच्या कडेवर अंगठे दाबत बसायचा. आई ओरडायची, पप्पा काही बोलायचे नाहीत. मग एका संध्याकाळी पप्पा खोकं घेऊन आले. त्यात दोन जॉयस्टिक होत्या, फुंकर मारून लावायची पिवळी कॅसेट होती, सगळं काही होतं.

"कितीला?" आई म्हणाली.

"अडीचशे."

आईचा चेहरा फुलला. त्या दिवसापासून अडीचशेची ती गोष्ट आमच्या चाळीत आणि नातेवाइकांत फिरत राहिली. "भाव करावा तर आमच्या ह्यांनीच," असं आई ज्याला त्याला सांगायची. शेजारच्या काकू त्याच दुकानात जाऊन अडीचशेवर अडून बसल्या. दुकानदाराने शेवटी हात जोडले. "भाभी, ढाई सौ में मिलता है तो मुझे भी दिला दो," तो म्हणाला. काकू रिकाम्या हाताने परत आल्या. आईने त्यातून एवढाच अर्थ काढला की काकूंना भाव करता येत नाही. पुढे कुणाच्याही लग्नाचा बस्ता असला की पप्पांना सोबत नेलं जायचं. पप्पा बोर्डाच्या परीक्षेला निघाल्यासारखा चेहरा करून जायचे.

ही झाली जुनी गोष्ट. पुढे आम्ही बदलापूरला कात्रपमध्ये फ्लॅट घेतला, पप्पा रिटायर झाले, दादा अंबरनाथच्या एका कंपनीत चिकटला, आणि दोन हजार आठच्या आसपास ती कंपनी बंद पडली. दादा वर्षाहून जास्त काळ घरी बसून होता. तो कुणाशी भांडला नाही, दारू प्यायला नाही, फक्त हळूहळू बोलायचा थांबला. मी आणि आई कशावरून हसलो तरी उठून गॅलरीत जायचा, जणू हसण्यात भाग घ्यायला पगार लागतो. आई पेन्शनवर घर ओढत होती आणि एका शब्दाने त्याला बोलत नव्हती. पण भाजी निवडता निवडता त्याच्याकडे बघायची, ते त्याला कळायचं.

मग त्याला बदलापुरातच नोकरी लागली. पहिल्या पगाराचं पाकीट त्याने रीतीप्रमाणे आईच्या हातात ठेवलं. "थोडे मला ठेवलेत," एवढंच म्हणाला. त्या थोड्यांचं काय झालं ते रविवारी सकाळी कळलं.

आई-पप्पा विहारात वंदनेला गेले होते. दादाने पलंगाखालून खोकं काढलं आणि मला हाक मारली. आत एकच जॉयस्टिक, तिच्याच पोटात सगळे गेम भरलेले. वायर टीव्हीला लावली की झालं. रणगाडे तसेच चौकोनी, आवाज तोच पींपीं करणारा. कुणीतरी मुद्दाम, अगदी नवीन यंत्रात, आमच्या लहानपणासारखं ओबडधोबड चित्र काढून ठेवलं होतं. दादा हसला. वर्षभरानंतर मी त्याचे दात पाहिले, आणि मला रडू येईल की काय असं वाटून मी उगीचच वायरशी खेळत बसले.

तेवढ्यात पांढऱ्या साडीतली आई दारात उभी राहिली. मागे पांढऱ्या शर्टातले पप्पा.

"कितीला?" आई म्हणाली.

दादा आनंदात होता, घरची रीत विसरला. त्याने खरा भाव सांगितला. "बावीसशे."

आई खुर्चीवर बसली. "बावीसशे? ह्याला? तुझ्या पप्पांनी अडीचशेला आणला होता. दोन दांड्या, वर कॅसेट. हा तर त्याच्याहून कमी आहे!"

"आई, हा रेट्रो आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे जुन्यासारखा, पण नवा."

"मग भाव पण जुन्यासारखा लाव म्हणावं त्याला!"

मला हसू आलं, पण ते गिळलं, कारण आईचा आवाज पुढे चढतच गेला. वर्षभर जे बोलली नव्हती ते सगळं त्या बावीसशेच्या मागून बाहेर आलं. उद्या ही पण कंपनी बंद पडली तर? पप्पांनी आयुष्यात कधी असे पैसे उधळले का? एवढीशी वस्तू त्यांनी कशी भाव करून आणली होती, आणि तू मागतील तेवढे देऊन आलास. एवढा मोठा झालास, पैशाची किंमत कधी कळायची तुला? आई वाईट नव्हती, घाबरलेली होती. पण दादाच्या चेहऱ्यावरून ते हसू पुसलं जात होतं आणि मला ते बघवत नव्हतं. त्याने वायर काढली, गुंडाळली आणि जॉयस्टिक नीट खोक्यात ठेवायला लागला.

"परत करतो," तो म्हणाला. तोच घरी बसलेल्या दिवसांतला आवाज. मला कळलं की हे खोकं परत गेलं तर त्याच्यासोबत दादाही परत त्या गॅलरीत जाणार.

"अडीचशे नव्हते," पप्पा म्हणाले.

ते अजून दारातच होते, एका पायात चप्पल तशीच.

"हो, माहीत आहे मला," आई म्हणाली. "मी पाचशे धरले होते."

"सतराशे."

मी लावलेल्या कुकरची शिट्टी झाली तरी कुणी हललं नाही. आई पप्पांकडे बघतच राहिली. ज्या माणसाच्या भाव करण्यावर तिने अख्ख्या सासर-माहेरात मान मिरवली होती, त्याने दुकानदार मागेल तो भाव दिला होता.

"आत्ता विहारातून येताय ना?" ती म्हणाली. "दर रविवारी पंचशील म्हणता. खोटं न बोलायचं शील कुठे ठेवलंत?"

"तेवढं पुटपुटतो," पप्पा म्हणाले.

"सतराशे आणले कुठून? पगार तर माझ्याकडे यायचा."

पप्पांनी दुसरी चप्पल काढली. "जादा पाळ्या केल्या थोड्या. आणि रिक्षा सोडली होती."

"चालत जायचात ते?" आईचा आवाज बदलला. "अंबरनाथपर्यंत? पोट सुटलंय, चालायला हवं, म्हणाला होतात मला."

"हो, म्हणालो होतो."

आईने त्या चपलांकडे पाहिलं. मग म्हणाली, "पोट कमी करायचंय म्हणालात म्हणून मी डब्यातली एक भाकरी कमी केली होती."

"हो. मग काय सांगणार होतो तुला?"

आई उठली आणि आत गेली. गॅस बंद केल्याचा आवाज आला, नंतर बराच वेळ नळाचा. मला पप्पांचा इतका राग आला की काय सांगू. आणि तितकंच त्यांना जाऊन बिलगावंसं वाटलं. पण आमच्या घरात तशी पद्धत नव्हती, म्हणून मी त्यांना पाणी दिलं. दादा खोक्यावर हात ठेवून तसाच बसला होता. आपण ज्या खेळावर एवढे अंगठे झिजवले तो कसा आला होता, हे त्याला आज कळत होतं.

तेव्हापासून कुणी म्हणालं, आमच्या वेळी सगळं किती स्वस्त होतं, की मला विचारावंसं वाटतं, तुम्हाला भाव सांगितला कोणी होता? स्वस्ताई असेलही. पण त्यातली थोडी तरी दारात चप्पल काढता काढता तयार झालेली असणार.

आई पदराला हात पुसत बाहेर आली. डोळे लाल होते, पण कांदा चिरत नव्हती हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. ती पप्पांकडे बघायला तयार नव्हती. दादासमोर उभी राहिली आणि जणू तो आत्ताच बाजारातून आलाय अशा आवाजात तिने विचारलं, "कितीला आणलास म्हणालास?"

दादाने पप्पांकडे पाहिलं. पप्पा भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते.

"अडीचशेला," दादा म्हणाला.

"महाग दिलास," आई म्हणाली. "लाव आता."