तिसऱ्या रहस्याला मी काय बोलले

या ग्रुपवर मी दोन वर्षं नुसती वाचते आहे. कधी कमेंटसुद्धा केली नाही. खरं सांगायचं तर वाचून हसायचेच. पांढरी साडी, पिंपळ, गाडी बंद पडली... लोकांना लक्ष हवं असतं, एवढंच माझं मत होतं. आजही ते फार बदललेलं नाही. पण मागच्या ऑक्टोबरमध्ये माझ्याकडून जे झालं ते वीसेक माणसांनी ऐकलंय. ते नाकारायची सोय मला नाही.

मी नंदाखाल गावची, ख्रिस्ती. शाळा इंग्लिश मीडियम, तेव्हा लिहिण्यातल्या चुका सांभाळून घ्या. मी चार वर्षांची असताना डॅडी गेले. मम्मी कुवेतला नर्स आहे, दोन वर्षांनी एकदा महिनाभर येते. मला वाढवलं काकीने, म्हणजे डॅडींच्या मोठ्या भावाच्या बायकोने. काकाही आता नाहीत, त्यांना मूल नाही. घरात आम्ही दोघीच. काकी वाडीत भाजी आणि केळी बघते, मी घरून इन्शुरन्स क्लेमचं काम करते, दिवसभर कानाला हेडफोन. ती आमच्या बोलीत बोलते, मी मुंबईच्या मराठीत एका शब्दात उत्तर देते. गावात सगळे म्हणतात, शांत पोरगी आहे. मलाही तसंच वाटायचं.

ऑक्टोबर हा रोजरीचा, म्हणजे जपमाळेचा महिना. आमच्या आळीत मरियामातेची मूर्ती रोज एका घरी जाते. संध्याकाळी सातला शेजारी जमतात, जपमाळ म्हणतात, मग उकडलेले चणे आणि चहा. जपमाळेचे पाच भाग असतात, त्यांना रहस्य म्हणतात. एकेका रहस्याला एकजण पुढे होऊन दहा वेळा 'नमो मरिया' म्हणतो. दर वेळी अर्धी प्रार्थना त्याने म्हणायची, उरलेली अर्धी 'पवित्र मरिये'पासून बाकीच्यांनी. ज्यांच्या घरी मूर्ती असते त्यांनी एक तरी रहस्य सांगायचं असतं.

त्या मंगळवारी मूर्ती आमच्याकडे होती. पडवीत प्लास्टिकच्या खुर्च्या, उजेड भरपूर, सगळ्यांचे मोबाइल बंद. काकीने न विचारताच जाहीर केलं, "तिसरं आमची पोर सांगेल."

आळीतले ऑल्विन अंकल लगेच म्हणाले, "मॅडम, इंग्लिशमध्ये म्हणा हां. देवाला कळेल, आमचं आम्ही बघून घेऊ."

सगळे हसले. काकीही हसली. मी काही बोलले नाही. मी कधीच काही बोलत नाही.

मराठीत अडखळू नये म्हणून मी डोळे मिटले आणि सुरुवात केली. मला स्पष्ट आठवतं, बोटाखाली एकेक मणी सरकत होता आणि मी प्रार्थनाच म्हणत होते. अडखळलेही नाही. पहिल्या दोनला सगळ्यांचं उत्तर आलं. तिसऱ्याला कमी. पाचव्यापर्यंत फक्त चार-पाच बायका. सातव्यानंतर एकच आवाज उत्तर देत होता, काकीचा. मला वाटलं, मी उच्चार चुकवतेय म्हणून हे मुद्दाम गप्प बसलेत. संताप आला, तरी डोळे उघडले नाहीत.

दहावा मणी झाल्यावर उघडले. सगळे माझ्याकडे बघत होते. रेजिना मावशी, आमची शेजारीण, तिने तोंडावर पदर धरला होता. फक्त काकी समोर मूर्तीकडे बघत म्हणाली, "दहा झाले. पुढचं म्हण."

चौथं रहस्य कोणीच घेतलं नाही. ते काकीनेच सांगितलं, आणि पाचवंही. चणे तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी रेजिना मावशीने मला कुंपणाशी गाठलं. "सैतान शिरला होता काय गं तुझ्यात? मेरीमातेसमोर? जिने वाढवलं तिला?"

"मी काय केलं?"

तेव्हा तिने सांगितलं. मी 'नमो मरिया' एकदाही म्हटलं नव्हतं. दहाही वेळा मी काकीशी बोलत होते, आमच्या बोलीत, जी मी कधी बोलत नाही. आणि आवाज प्रार्थनेचाच, सपाट. म्हणून पहिल्या दोनला लोक सवयीने 'पवित्र मरिये' म्हणून गेले. मी म्हटलं होतं: मम्मीचा फोन यायचा तेव्हा तू सांगायचीस पोर झोपली, मी झोपलेली नसायचे. माझे केस तू रागात कापलेस आणि लोकांना उवा सांगितल्यास. तुझा हात अंगाला लागला की मला आंघोळ करावीशी वाटते. असंच पुढे. आणि नववं: मम्मीने मला न्यायला व्हिसा काढला होता, तूच कळवलंस की पोर यायला तयार नाही.

पहिल्या आठ गोष्टी माझ्याच होत्या. शब्द न् शब्द. त्या मी कोणाला कधी सांगितल्या नव्हत्या. दहावी इथे लिहिणार नाही.

पण नववी मला माहीतच नव्हती.

मी मम्मीला व्हिडिओ कॉल केला. व्हिसाचं विचारल्यावर तिने आधी खोलीचं दार लावलं. मग म्हणाली, "तुला कोणी सांगितलं? तू सहावीत होतीस. काकी म्हणाली, तू रडून गोंधळ घातलास."

"मला का नाही विचारलंस?"

"तू बोलायचीसच कुठे!"

पुढचे तीन आठवडे आळीतलं कोणी माझ्याशी धड बोललं नाही. मी गेटमधून बाहेर पडले की बायकांच्या गप्पा थांबायच्या. आणि काकी? काही झालंच नाही अशी. वेळेवर जेवण, चहा, "पंखा बंद कर." मला वाटलं, ही सूड घेतेय. एकदा तरी ओरडेल म्हणून मी वाट बघत होते.

शेवटी मीच गेले. ती मागच्या दारी मेथीच्या जुड्या बांधत होती. विचारलं, "त्या दिवशी सगळे गप्प झाले, तू एकटी का उत्तर देत राहिलीस?"

"तुझ्या मराठीला हसत असतील, म्हणून गप्प झाले. पोरीला आधार नको? मी मोठ्याने म्हटलं."

"मी काय बोलत होते?"

"नमो मरिया. दुसरं काय?" तिने माझ्याकडे बघितलं. "बरं म्हटलंस की. एकदाही चुकली नाहीस."

ती खोटं बोलत होती का? माहीत नाही. पण वाचणाऱ्यांनो, त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं ना? मला आला तो राग. तिलाच ऐकू आलं नाही, या गोष्टीचा राग. तिथे उभ्या उभ्या मला कळलं की मी शांत वगैरे कधी नव्हतेच. वीस वर्षं मी एकेक गोष्ट धार लावून ठेवत होते, तिच्यासाठी.

मग मी सगळं बोलले. उघड्या डोळ्यांनी, माझ्या मुंबईच्या मराठीत, अडखळत. दहावी गोष्टसुद्धा.

काकीचे हात थांबले नाहीत. जुडी बांधून झाल्यावर म्हणाली, "व्हिसा आला असता तर गेली असतीस?"

"हो."

"मग बरं केलं मी."

आता मी आचोळ्याला एका मैत्रिणीबरोबर भाड्याने राहते. डॉक्टरांनी स्ट्रेस सांगितला. फादर म्हणाले, प्रार्थना कर. कोणी म्हणेल, वीस जणांना एकदम भास झाला. म्हणोत. मला तुमच्याकडून एकच हवंय: व्हिसाची गोष्ट माझ्या तोंडात कुठून आली, हे कोणाला सांगता येत असेल तर सांगा. बाकीच्या नऊ कोणाच्या होत्या, हे मला कोणी समजावू नये. त्या माझ्या होत्या.