वत्सलाताईंच्या चौकटी

नोकरीच्या मुलाखतीला गेले तेव्हा वत्सलाताई पगारेंनी मला खुर्ची दिलीच नाही. नाशिकच्या भद्रकालीत एका छापखान्याच्या वर आमच्या संस्थेची एकच खोली होती. तिथल्या शहाबादी फरशीवर त्यांनी खडूने चौकटी आखल्या, एकीतून दुसरीत जाणारे बाण काढले आणि म्हणाल्या, "पहिल्या चौकटीत उभी राहा. समज, तू शिलाई मशीन आहेस. संस्थेनं तुला एका गावाला दिलंय. मग पुढं?"

मी समाजकार्याची पदवी घेऊन आले होते. शिलाई मशीन व्हायची तयारी करून आले नव्हते. तरी म्हटलं, "बायका शिवण शिकतील."

"छान. मार उडी. मग पुढं?"

"कपडे शिवतील, चार पैसे मिळवतील."

"कुणाचे कपडे? गावात शिंपी आहे. त्याच्याकडं उधारी चालते. तुझ्याकडं कोण येईल?"

मी दोन चौकटींच्या मध्ये एका पायावर लटपटत उभी राहिले. ताई खो खो हसल्या आणि म्हणाल्या, "अडकलीस ते तुला कळलं ना? पुष्कळांना कळत नाही. सोमवारपासून ये."

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. तेव्हा संस्था म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर वाटप यायचं. पाट्या वाटा, दूधभुकटी वाटा, फोटो काढा. ताईंना वाटपाचा राग नव्हता, पण वाटून झाल्यावर आम्ही हात झटकले की त्या खवळायच्या. "भात शिजला म्हणजे पोट भरलं असं नसतं गं. वाढायला कुणी लागतं, आणि जेवणाऱ्याला भूक लागते." चौकटी आणि बाण त्या मुंबईला शिकल्या होत्या. तिथले प्राध्यापक ते मोठ्या कागदावर काढायचे. ताईंनी ते फरशीवर उतरवले. त्यांचं म्हणणं, "कागदावरचा बाण कुठंही जातो, त्याला कोण अडवणार? पायाखालचा बाण जाऊन दाखवावा लागतो."

ताई ठेंगण्या, आवाज मात्र रविवार कारंजा चौकापर्यंत जाईल असा. पदर खोचलेला, बोटांना कायम खडू. चिवडा खातानाही तो खडू पुसायचं भान नसायचं, त्यामुळे आमच्या ऑफिसातला चिवडा जरा पांढरटच असे. नाशिकरोडच्या बौद्ध वस्तीत त्या वाढल्या. मॅट्रिक झालेली घराण्यातली पहिली मुलगी. हे त्या कधी मिरवत नसत, पण एखादी पोरगी शाळेतून गळाली असं ऐकलं की त्यांचा हसरा चेहरा एकदम बदलायचा.

देवळा गावाजवळच्या एका खेड्यात आम्ही बालवाडी काढली ती अशाच पोरींसाठी. आया कांद्याच्या शेतात जात आणि घरची मोठी मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसे. मग आमची साखळी सोपी होती. धाकटं बालवाडीत गेलं की मोठीचा हात मोकळा होईल आणि ती शाळेत जाईल. वर्षभरात बालवाडी गच्च भरली. अनुदान देणाऱ्या मंडळाचे साहेब मुंबईहून पाहायला आले. पोरांनी टाळ्या वाजवून गाणं म्हटलं, साहेब खूश झाले. संस्थेचे चिटणीस वकीलसाहेब तर त्यांच्याहूनही खूश.

तेवढ्यात ताई म्हणाल्या, "साहेब, जरा शाळेतही चला."

शाळेला एकच खोली. म्हणून तिसरी-चौथीचा वर्ग सकाळी भरायचा आणि लहान वर्ग दुपारी. आता दुपार होती, पण मास्तर भेटले. चौथीत मुली किती येतात, असं ताईंनी विचारल्यावर त्यांनी मान हलवली. मंगल नावाची एक हुशार मुलगी होती. तीही आता नावापुरतीच उरली होती. असंच चाललं तर नाव कमी करावं लागेल, असं ते म्हणाले.

ताई साहेबांकडे वळल्या. "बालवाडी भरली, पण जिच्यासाठी काढली ती घरीच आहे. आमचं काम अर्धंच झालंय."

वकीलसाहेबांचा चेहरा पडला. परतीच्या जीपमध्ये ते तडकलेच, "बाई, कुणी विचारलं होतं का? आपल्या हातानं अनुदान घालवताय!" साहेब भले गृहस्थ होते. ते म्हणाले, पुढच्या भेटीत मुली शाळेत दिसल्या तर चालू ठेवू, नाही तर बालवाडी बंद करावी लागेल.

आठवड्याच्या आत आम्ही पुन्हा त्या गावात. बालवाडीपुढचं अंगण सारवलेलं होतं, त्यावर खडू उमटेना. ताईंनी चुन्याच्या फक्कीने चौकटी काढल्या. भोवती सगळ्या बाया जमल्या. मंगलला ताईंनी तिची आई केलं. मास्तर मास्तरच राहिले. बालवाडीच्या सेविकाबाईंना त्यांच्या चौकटीत उभं केलं. स्वतः ताई मंगल झाल्या, आणि त्यांनी कडेवर खराखुरा पिंट्या घेतला, मंगलचा धाकटा भाऊ. एक म्हातारी ओरडली, "ताई, हाऊ पोऱ्या लई रडका शे!" पिंट्याने लगेच भोकाड पसरून ते सिद्ध केलं.

"झालं उजाडलं," ताई म्हणाल्या. मंगल आईसारखा पदर खोचून, "पिंट्याला सांभाळ गं, नायतर मार खाशील" असं दरडावत कांद्यात गेली. बाया हसून हसून बेजार. मास्तरांनी घंटा वाजवल्यासारखं केलं. ताई पिंट्याला घेऊन बालवाडीच्या चौकटीकडे धावल्या. "घ्या बाई, याला घ्या, माझी शाळा भरली."

सेविकाबाई चौकटीबाहेर सरकल्या. बिचाऱ्या सरळ होत्या. म्हणाल्या, "ताई, मी कशी घेऊ? मी अजून देवळ्याच्या स्टँडवर आहे. आपली गाडी साडेनऊला येते."

शाळा सकाळची हे आम्हाला माहीत होतं. सेविका एसटीने येते, म्हणून बालवाडी दहाला उघडते, हेही माहीत होतं. दोन्ही शेजारी ठेवून कुणी पाहिलंच नव्हतं. आमची बालवाडी पोरींच्या वेळेवर नव्हे, एसटीच्या वेळेवर चालली होती! पिंट्याने तेवढ्यात ताईंचं लुगडं ओलं केलं. मंगल म्हणाली, "माझं रोज आसंच व्हतं." ताई सर्वांत मोठ्याने हसल्या, डोळे पुसेपर्यंत हसल्या.

आता गावातलीच सेविका हवी होती. हिराबाई नावाची सून सातवी शिकलेली, पोरांत रमणारी. पण संस्थेचा नियम मॅट्रिकचा, आणि वकीलसाहेब नियमाला पक्के. ताईंनी वाद घातला नाही. पुढच्या बैठकीत फरशीवर चौकटी आखल्या, वकीलसाहेबांच्या कडेवर दप्तरांचं एक गाठोडं दिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही मंगल. तुमची शाळा भरली. मॅट्रिक झालेल्या बाई अजून बसमध्ये आहेत. थांबा त्या येईपर्यंत." वकीलसाहेब चकचकीत बुटांत गाठोडं सावरत उभे राहिले. ताईंनी सगळ्यांना चहा दिला, त्यांना दिला नाही. चहा संपायच्या आत ते म्हणाले, "बरं, नेमा त्या हिराबाईला." जुन्या सेविकाबाईंना आम्ही देवळ्यातच काम दिलं.

हिराबाई उजाडताच दार उघडायची. मुली शाळेत येऊ लागल्या. सगळ्या नाही. कांदा काढणीत काही गळायच्याच, पण मंगल गळाली नाही. अनुदान राहिलं. मी अहवालात लिहिलं की, आमच्या बालवाडीने गावातल्या मुली शिकवल्या. ताईंनी ते वाक्य खोडलं. "मास्तरांनी नाव कमी केलं नाही, त्यांचा बाण कुठंय? आईनं घरात भांडून पाठवलं, तिचा कुठंय?"

ऐंशीचं दशक संपत असताना ताई गेल्या. आजार थोडक्याच दिवसांचा झाला. शोकसभेत भाषणं झाली. ताईंनी शेकडो मुलींना शिकवलं, अंधारात दिवा लावला, असं सगळे म्हणाले. मला गदगदून यायला हवं होतं, पण मी नुसती अवघडून बसले होते. या भाषणांतल्या बाई मला ओळखू येत नव्हत्या.

शेवटी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी उठली. मंगल.

"ताईंनी मला शिकवलं नाही," ती म्हणाली. सभेत चुळबुळ झाली. "सगळे तसं म्हणताहेत म्हणून सांगते. शिकवलं मास्तरांनी. अभ्यास मी केला. ताईंनी एवढंच पाहिलं, की शाळा भरायच्या वेळेला माझ्या कडेवरचा पिंट्या उतरवून घ्यायला कुणीतरी जागेवर असेल. दुसऱ्या कुणाला ते सुचलं नव्हतं."

ती खाली बसली. तेव्हा कुठे मला रडू आलं. शेजारी म्हातारे वकीलसाहेब बसले होते. त्यांनी मला द्यायला म्हणून खिशातून रुमाल काढला आणि त्याने स्वतःचेच डोळे पुसत राहिले.