हळद लावलेला हमूर

दुबईत रास अल खोरला खाडी संपते आणि उथळ पाणी तळ्यासारखं पसरतं. अब्बांच्या कंपनीच्या क्लबमधले गोरे साहेब त्याला 'लेक'च म्हणत. थंडी सुरू झाली की एका शुक्रवारी सकाळी तिथे क्लबची मासे धरायची मॅच असे. सकाळी एक शिट्टी, जुम्म्याच्या नमाजाला लोकांना वेळेत पोचता यावं अशा बेताने दुसरी शिट्टी, आणि मधल्या वेळात ज्याला सर्वांत जड मासा मिळेल त्याला कप.

तो कप क्लबच्या काउंटरमागे काचेच्या कपाटात असे. त्याच्या लाकडी बैठकीवर जिंकणाऱ्यांच्या नावांच्या पितळी पट्ट्या होत्या आणि सगळी नावं साहेबांची होती. अब्बा त्या शिपिंग कंपनीत हेडक्लार्क. कागदांवर सह्या घ्यायला क्लबवर जायचे, तेव्हा साहेब पेन शोधेपर्यंत त्यांची नजर त्या कपाटावर असायची. हे त्यांनी आम्हाला एकदाच सांगितलं होतं, तेही हसत. ज्या वर्षी क्लबने पहिल्यांदा इंडियन स्टाफला मॅचमध्ये घेतलं, त्या वर्षी मात्र ते हसले नाहीत. महिनाभर आधीपासून नायलॉनची दोरी उन्हात ताणून ठेवली, गऱ्यांना धार काढली. अम्मा म्हणाली, "लग्नाला निघालेत जसे." अब्बा म्हणाले, "एक पट्टी आपली लागू दे गो त्या कपाला. मग बस्स."

मी तेव्हा एकोणीस वर्षांची. पाचगणीच्या कॉन्व्हेंटमधून शिकून दुबईला आले त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. घरात अम्माशी रत्नागिरीचं बोलायचे, अब्बांना अर्धी उत्तरं इंग्रजीत द्यायचे आणि बाहेरच्या माणसांशी शक्य तो बोलायचेच नाही. कुणी काही विचारलं तर मान हलवून भागतं का ते आधी बघायचे. मॅचच्या आदल्या दिवशी क्लबच्या सेक्रेटरीसाहेबांची बायको तापाने पडली. वजनं लिहायचं काम दरवर्षी तिच्याकडे असे. अब्बांनी लगेच सांगून टाकलं, "माय डॉटर, सर. कॉन्व्हेंट हँडरायटिंग." मला घरी येऊन मग कळवलं.  लिहायचंच काम आहे, बोलायचं नाही, अशी मी मनाची समजूत घातली.

सकाळी शमालचा वारा सुटला होता. दुबईत थंडी म्हणजे काय ते बाहेरच्यांना खरं वाटत नाही, पण उघड्या पाण्यावरून उत्तरेचा वारा आला की दात वाजतात. मी शाळेचा निळा ब्लेझर घातला होता, त्यावर अम्माची शाल. पलीकडच्या काठाला रोहित पक्षी एका पायावर उभे होते. सेक्रेटरीसाहेबांनी ताजव्याजवळचं टेबल मला दिलं, कागद उडू नयेत म्हणून वर दोन दगड ठेवले आणि गळ्यातली शिट्टी वाजवली. सगळे काठाने पांगले. साहेबांकडे रीळ लावलेल्या काठ्या होत्या. अब्बांकडे दोरी, गरी आणि डब्यात चिंबोऱ्यांची पिल्लं.

अम्मा मागे, लँडरोव्हरच्या आडोशाला. तिच्या दृष्टीने ही मॅच नव्हती, पिकनिक होती. इंडियन स्टाफच्या घरच्यांसाठी तांदळाच्या भाकऱ्या तिने पहाटे उठून भाजून आणल्या होत्या. तीन दगडांची चूल मांडून झाली होती. सोबत टोप, तवा, मसाल्याचे डबे आणि गोणपाटात गुंडाळलेली विळी.

तासभर लहानसहानच काही लागत होतं. वर्कशॉपचे इंजिनिअरसाहेब, वाऱ्याने कान लाल झालेले, अब्बांपासून वीसेक पावलांवर उभे होते. गेल्या साली कप त्यांनीच नेला होता. त्यांना एक चांगला हमूर मिळाला तेव्हा टाळ्या पडल्या. थोड्या वेळाने अब्बांची दोरी ताणली गेली. त्यांनी ती हातावर गुंडाळत, सैल सोडत, पुन्हा ओढत शेवटी गुडघाभर पाण्यात जाऊन मासा छातीशी धरून बाहेर आणला. तोही हमूर, म्हणजे आपल्याकडचा गोबरा. मोठा. टेबलापाशी बसून मला तो नीट दिसला नाही, पण अब्बांची चाल दिसली. नवं मूल हातात घेऊन माणूस चालतो तशी. तो त्यांनी ओल्या पोत्यात घालून अम्माजवळ ठेवला, "हा सांभाळ," म्हणाले आणि याहून मोठा मिळतो का बघायला परत पाण्याकडे गेले.

अम्माच्या हातात मेलेला मासा आला की ती तो साफ करते. दुसरं कुठलंही काम त्यानंतर. पोटातल्या घाणीसकट मासा पडू देणं म्हणजे तिच्या लेखी आंघोळ न करता ताटावर बसणं. तिला नवरा म्हणाला होता, सांभाळ. तिने सांभाळला.

शेवटची शिट्टी झाली. एकेक जण मासा घेऊन येऊ लागला, सेक्रेटरीसाहेब वजन सांगू लागले, मी लिहू लागले. इंजिनिअरसाहेबांचा हमूर सगळ्यांत पुढे गेला. अब्बा पोतं आणायला गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत, म्हणून मी उठून पाहिलं.

पोतं रिकामं होतं. अब्बा टोपाकडे बघत उभे होते. टोपात माशाच्या जाड जाड तुकड्या, मीठ-हळद लावून पिवळ्याधम्मक. डोकं कालवणासाठी बाजूला, ताटलीत. आतडी-कल्ले वाळूत टाकले होते, ते समुद्रपक्ष्यांनी केव्हाच नेले होते.

"अगो, हे काय केलंस?"

"साफ केला. सांभाळ बोललात ना?"

तिथे अब्बांच्या ऑफिसमधले चार-पाच जण होते.  आता हे ओरडणार, असं सगळ्यांना वाटलं. मलाही. अम्माला काही तरी चुकलंय एवढं कळलं होतं, काय ते कळलं नव्हतं. तिने हळदीचे हात पदराला न लावता हवेत धरून ठेवले होते.

अब्बांनी वाकून टोप उचलला. त्यावर डोक्याची ताटली ठेवली. सरळ टेबलापाशी आले आणि टोप ताजव्याशेजारी ठेवत म्हणाले, "माय फिश, सर. माय वाइफ हॅज ऑलरेडी क्लीन्ड इट." त्यात लाज नव्हती. कंपनीचं जहाज वेळेवर बंदरात लागलं हे सांगतानाचा आवाज होता तो.

सेक्रेटरीसाहेबांनी टोपात डोकावलं. "हा मासा नाही," ते म्हणाले, "हे जेवण आहे."

हशा पिकला. इंजिनिअरसाहेब पुढे आले. "मी पाहिलाय तो बाहेर येताना. माझ्यापेक्षा मोठा होता. कप यांनाच द्या."

"थँक यू सर. नो," अब्बा म्हणाले. "जे बघितलं ते ताजव्यावर चढत नाही. हे आहे ते तोला."

तोलला. तुकड्या, डोकं, सगळं. इंजिनिअरसाहेबांच्या माशापेक्षा थोडक्यात कमी पडला. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "हार्ड लक," आणि शिट्टीची दोरी गळ्यातून काढू लागले. अब्बा मान हलवत होते, पण ती नुसती हलत होती.

अम्मा माझ्यामागे येऊन उभी राहिली होती. "काय गो म्हणतात ते?"

मी तिला हळू आवाजात सांगितलं. आपण साफ केला म्हणून कमी भरला, त्यांचा तसाच तोलला.

"म्हणजे घाणीसकट तोलला?"

"हो."

"मग घाणीचा कप द्या म्हणावं त्यांना." आता तिचा आवाज चढला. "ज्याच्यात खायचं जास्त, तो मासा मोठा. त्यांचा पण द्या म्हणावं इकडे, मी साफ करून देते, मग तोला दोन्ही. सांग त्यांना."

मी कागदांवरचा दगड उगीच सरकवला.

"सांग गो! एवढी शिकवली ती कशाला? तोंड शिवलंय काय तुझं?"

मी अब्बांकडे पाहिलं. वाटलं, ते डोळ्यांनी नको म्हणतील. त्यांनी तसं काही केलं नाही. ते वाट बघत होते.

मी उभी राहिले आणि इंग्रजीत म्हणाले, माझी आई काही सांगू इच्छिते. वाऱ्यात ते माझं मलाच ऐकू आलं नाही. "स्पीक अप, मिस," सेक्रेटरीसाहेब म्हणाले. मग मी शाल काढून खुर्चीवर टाकली आणि मोठ्याने सांगितलं. सगळं सांगितलं. घाणीच्या कपाचंसुद्धा. ते गाळता आलं असतं, पण गाळलं असतं तर ते अम्माचं बोलणं राहिलं नसतं.

 इंजिनिअरसाहेब एवढ्या जोरात हसले की रोहित पक्षी उडाले. "शी इज राइट, यू नो!" म्हणत त्यांनी आपला मासा शेपटीला धरून अम्माच्या पुढ्यात ठेवला.

अम्मा गोणपाटावर विळी घेऊन बसली. पकड घट्ट राहावी म्हणून माशाला वाळू चोळली. सगळे साहेब, त्यांच्या मडमा, आमचा स्टाफ, सगळे गोल करून उभे. खवलं उडाली, कल्ले निघाले. पोट फाडलं तर आत चिंबोऱ्याच चिंबोऱ्या आणि एक आख्खा छोटा मासा. "अर्धी खाडी गिळलीय मेल्याने," अम्मा म्हणाली. तेही मी इंग्रजीत सांगितलं, आता कुणी न सांगता. मडमा हसून हसून वाकल्या. मग अम्माने स्वतःहून आमच्या तुकड्या पाण्यात खळखळून धुतल्या. "हळदीचं वजन नको आपल्याला फुकटचं."

दोन्ही मासे पुन्हा तोलले. सेक्रेटरीसाहेबांनी काटा दोनदा पाहिला आणि बाजूला झाले. "तुम्ही वाचा, मिस."

मी वाचलं. मला ओरडायला लागलं नाही, सगळे इतके शांत होते. आमचा जड भरला होता. फार नाही, पण काट्यावर स्पष्ट दिसेल इतका.

स्टाफमधल्या कुणीतरी अरबांसारखं "यल्ला!" म्हणून टोपी उडवली, ती वाऱ्याने थेट पाण्यात नेली. इंजिनिअरसाहेबांनी अब्बांचा हात इतका वेळ हलवला की अब्बांनाच तो सोडवून घ्यावा लागला. मग अब्बा अम्मापाशी गेले. काय म्हणणार म्हणून मी कान दिला. ते म्हणाले, "जुम्म्याला उशीर होतोय. तव्यावर टाक पटापट." अम्मा म्हणाली, "तेल तापलंय कधीचं."

दोन्ही मासे तळले. इंजिनिअरसाहेबांनी आपलेच तुकडे भाकरीत घालून खाल्ले आणि तिखटाने त्यांचे कान आणखी लाल झाले. पुढच्या आठवड्यात कपावर पितळी पट्टी लागली. अब्बा ती बघायला मला मुद्दाम घेऊन गेले. काचेवर आपल्या श्वासाची वाफ जमली ती बाहीने पुसून काढली आणि मला पुढे उभं केलं.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. गावाकडून कुणी नवं माणूस नोकरीसाठी आलं, घरी जेवायला बसलं की अब्बा ती सांगतातच. मासे धरणाऱ्यांच्या गोष्टीत मासा दरवेळी वाढतो. अब्बांच्या गोष्टीत तो लहान होत चालला आहे. आता त्यांना त्याची फारशी पर्वाच उरलेली नाही. दोरी, गरी, पाणी हे सगळं ते दोन वाक्यांत उरकतात आणि लगेच, "मग माझी पोरगी उभी राहिली," यावर येतात. मी तोवर स्वयंपाकघरात गेलेली असते, कारण अजूनही मला पाहुण्यांसमोर बसवत नाही. पण दार लोटून घेत नाही. परवा ऐकलं तेव्हा मासा तळहाताएवढा झाला होता. माझा आवाज मात्र वाऱ्याच्या उलट दिशेने थेट शारजापर्यंत पोचला होता.