यादीत मागे सरकलेला नंबर

मंडळी, नोएडाच्या ऑफिसातून नुकतीच घरी आलेय. स्वयंपाकाला हात लावावासा वाटत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

आमचा प्रोग्राम फंक्शनल पद्धतीचा. त्यात की-व्हॅल्यू जोड्यांची, म्हणजे खूण आणि तिच्यासमोरची नोंद अशा जोड्यांची, एक यादी आहे. 'सर्व्हर पडला तर' ही की, आणि ज्याला फोन लावायचा त्याचा नंबर ही व्हॅल्यू. या पद्धतीत जुनं काही खोडत नाहीत. त्याच कीची नवी जोडी यादीच्या पुढे लावायची. शोधताना पहिली जोडी सापडली की प्रोग्राम तिथेच थांबतो. मागच्या जोड्या असतात, पण त्यांना कोणी विचारत नाही.

आज मॅनेजर म्हणाला, "मॅम, अंकित का नंबर आगे जोड़ दीजिए. आपका हटाने की ज़रूरत नहीं."

अंकित नवीन आहे, हुशार आहे. मी जोडला. चाचणीचा कॉल त्याच्या फोनवर वाजला. माझा टेबलावर गप्प पडून होता. अवेळी वाजतो म्हणून इतकी वर्षं त्याला शिव्या घातल्या मी.

यादीत माझ्या नंबरामागे नायरसाहेबांचा नंबर दिसला. ते माझे सीनियर होते. माझा नंबर त्यांनीच स्वतःच्या पुढे जोडला होता. नंतर काही महिने शेजारी बसून पेपर वाचायचे, मग यायचे बंद झाले. कोणी चौकशी केली नाही. मीसुद्धा नाही.

घरी येताना मेट्रोतून त्यांना फोन लावला. मी नाव सांगितलं. ते म्हणाले, "किसको आगे डाला?"