मसाल्याच्या पाकिटावरची बाई

मसाल्याच्या पाकिटावर कुणा आजीचा फोटो दिसला की ती सकाळ अजूनही माझ्यासमोर उभी राहते. निवृत्तीला वर्षभर उरलं होतं. नाशिकमधल्या एका पोलीस ठाण्याचा मी वरिष्ठ निरीक्षक होतो. हजेरी उरकून मी खुर्चीत टेकतोय तोच ठाणे अंमलदार हसू दाबत आत आला.

"साहेब, एक बाई आल्यात. म्हणतात, मी जिवंत आहे अशी नोंद करा."

बाई ऐंशीच्या आसपासच्या, ताठ बसणाऱ्या. सोबत इंदिरानगरला राहणारा, बँकेत अधिकारी असलेला मुलगा. बाईंनी पिशवीतून मसाल्याचं पाकीट काढून माझ्या टेबलावर ठेवलं. त्यावर नऊवारी नेसलेल्या, नथ घातलेल्या स्त्रीचा जुना फोटो आणि खाली 'आमच्या आजीच्या हातचा'.

"ही मी," बाई म्हणाल्या. "हायवेवरच्या एका हॉटेलात हाच फोटो मोठा करून लावलाय, चंदनाचा हार घालून. जेवायला आलेले लोक नमस्कार करतात. साहेब, मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात टेलिफोन ऑपरेटर होते. मसाला मी जन्मात केलेला नाही. आमच्याकडे स्वयंपाक हे बघायचे."

मला हसू आलं. बाई मात्र हसल्या नाहीत.

"हा फोटो माझ्या पत्र्याच्या ट्रंकेत होता. हे गेल्यावर नाशिकरोडचं घर सोडून मी मुलाकडे आले, तेव्हा सामान हलवताना ट्रंक हरवली. त्यात यांची पत्रं होती. फोटो सापडलाय म्हणजे ट्रंकही कुठेतरी असणार. तेवढी शोधून द्या."

मी अर्ज घेतला, जबाब नोंदवायला लावला. मुलगा पूर्णवेळ खिडकीबाहेर बघत होता. ते मी मनात टिपून ठेवलं.

आमच्या बीट हवालदाराला हद्दीतले भंगारवाले तोंडपाठ होते. दुसऱ्याच दिवशी त्याने खबर आणली. एक भंगारवाला घराघरातलं जुनं सामान उचलायचा आणि अशा हॉटेलांना पुरवायचा. "जुनं दिसेल ते सगळं खपतं साहेब," हवालदार म्हणाला. "कंदील, रेडिओ, पितळी डबे. फोटोंना तर लय मागणी. कुणाचे का असेनात."

भंगारवाल्याला चौकशीला बोलावलं. माझा अनुभव असा, की चोरीचा माल घेणारा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देतो. हा थांबला, त्याने आठवून पाहिलं, आणि मोबाइल काढला. "ट्रंक चोरीची नाय साहेब. मालकानंच घरी बोलावलं होतं. हा त्यांचा मेसेज."

पत्ता इंदिरानगरचा होता. नंबर बाईंच्या मुलाचा.

त्याला एकट्याला बोलावलं. तो मेसेज समोर ठेवला आणि एक शब्द बोललो नाही. ओरडणाऱ्या पोलिसापेक्षा गप्प बसलेल्या पोलिसाला माणसं जास्त घाबरतात.

"फ्लॅटमध्ये जागा नव्हती," तो अखेर म्हणाला. "ट्रंक उघडूनसुद्धा बघितली नाही. आईला सांगितलं, टेम्पोवाल्यांनी हरवली. आणि त्या हॉटेलात तिला मीच घेऊन गेलो होतो, तिच्या वाढदिवसाला. म्हटलं, जुनं वातावरण आहे, तिला आवडेल." मग खाली बघत म्हणाला, "साहेब, तिला सांगू नका."

"हा गुन्हा नाही," मी म्हणालो, "पण अर्ज निकाली काढायचा तर अर्जदाराला कारण सांगावं लागतं. तुम्ही सांगताय, की मी सांगू?"

बाईंना बोलावून घेतलं, आणि त्याने माझ्या केबिनमध्येच सांगितलं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"पत्रं?"

"भंगारवाला म्हणतो, रद्दीत गेली, आई."

"विचारलं असतंस तर अर्धी ट्रंक मीच टाकली असती रे," बाई म्हणाल्या. तो रडायला लागला. त्यांनी पाण्याचा ग्लास त्याच्याकडे सरकवला.

हॉटेलात त्या हट्टाने माझ्यासोबत आल्या. मालक चाळिशीचा. अंबडमधला कारखाना बंद पडल्यावर त्याने हे हॉटेल टाकलं होतं. या फोटोतल्याच बाई, हे मी सांगताच तो गडबडून उठला. "फोटो घेतला तेव्हा वाटलं, आजी कधीच गेल्या असतील. माफ करा."

"ते राहू दे. मसाला कोण करतं?"

त्याने मान खाली घातली. "आई."

आत एक सडपातळ म्हातारी मिरच्यांची देठं खुडत बसली होती. दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत तिने उभा जन्म मजुरी केलेली.

"मसाला तुमचा, मग फोटो माझा कशाला?" बाईंनी विचारलं.

म्हातारीने पदर तोंडाला लावला. "माझं तोंड पाहून कोन जेवाया येतंय? लोकायला नथवाली आजी लागती."

बाई तिच्या शेजारी बसल्या. "अहो, ती नथ शेजारणीची होती. फोटोपुरती आणलेली."

दोघी इतक्या हसल्या की वेटर डोकावून गेले.

बाईंनी अर्ज मागे घेतला, पण अट घातली. त्यांचा फोटो परत द्यायचा आणि पाकिटावर मालकाच्या आईचा लावायचा. तो चाचरला. "धंदा बसेल हो."

"बसला तर तुझी आई उठवेल."

निवृत्तीनंतर मी तिथे जेवायला गेलो. पाकिटावर म्हातारी होती, उन्हाने डोळे बारीक केलेली. मालक खरं तेच बोलला, "पाकिटं आधीपेक्षा कमी जातात साहेब. पण जातात."

त्याला मी दोष देत नाही. भिंतीवरचा कंदील पाहून त्या दिवशी मलाही लहानपणीचं घर आठवलं होतं, आणि तो कंदील कुणाच्या घरचा हे मला ठाऊक नव्हतं. या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. माणसाला जुन्याची ओढ खरीच असते, म्हणून तर ती विकता येते. पण स्वतःच्या घरातलं जुनं सांभाळायला जागा लागते, वेळ लागतो आणि म्हाताऱ्या माणसाशी बोलावं लागतं. हॉटेलात यातलं काहीच लागत नाही.

मध्यंतरी बाई बाजारात भेटल्या. आता दर रविवारी मुलगा त्यांच्याजवळ वही घेऊन बसतो, आणि पत्रांतलं जेवढं आठवतं तेवढं त्या सांगतात. "मधूनमधून एखादं वाक्य मी पदरचं घालते," त्या हळूच म्हणाल्या. "यांनी लिहायला हवं होतं, असं."

उभी नोकरी मी जबाबात पदरचं घालणारे पकडण्यात घालवली. बाईंना मात्र म्हणालो, "घाला. खुशाल घाला."