डॉक्टरांची नाडी

सौंसरहून सकाळच्या मोटारीने आलेल्या माणसाने वर्गाच्या दारातूनच सांगितलं, "मास्तर, केशवराव डॉक्टर गेले." मी फळ्यावरचं गणित पुरं केलं, पोरांना उत्तर विचारलं, आणि मग खडू ठेवून वर्ग सोडला. केशवरावांनी हृदयाच्या दुखण्याने जावं, हे महिना उलटला तरी डोक्यात शिरत नाही...

रामाकोन्यापासून जामसांवलीपर्यंतची माणसं छातीत दुखलं की त्यांच्याकडेच धाव घ्यायची. राज्यांची वाटणी झाली, नागपूर आणि तिथले मोठे दवाखाने परराज्यात गेले, तेव्हा मी हळहळलो. तर म्हणाले, "दुखणं का सरहद पाहून येऊन राहिलं, मास्तर?" त्यांच्याजवळ डिजिटॅलिस असे, सैरभैर धावणाऱ्या हृदयाला ताळ्यावर आणणारं औषध. पण ते देण्याआधी मिनिटभर नाडी मोजायची, आणि ठोके साठच्या खाली असले तर बाटली परत कपाटात. नातेवाईक पाया पडले तरी ऐकायचे नाहीत. "पळत्या बैलाचा कासरा ओढावा बाप्पा, उभ्या बैलाचा काहून ओढता?"

अन् त्यांनाच धाप लागली. धावत आला तो त्यांच्याच हाताखाली तयार झालेला वामन डॉक्टर. त्याने डिजिटॅलिसचं इंजेक्शन भरलं. केशवरावांनी स्वतःच आपलं मनगट चाचपलं आणि म्हणाले, "ठीक आहे, दे." वामनने दिलं. नाडी मुळातच मंद होती. ती आणखी मंद होत गेली आणि थांबली. "गुरुजींनी सांगितल्यावर त्यायचा हात पुन्हा कसा धरू जी? अपमान झाला असता," तो रडत मला सांगत होता. मला संताप येतो, वामनचा आणि त्याहून जास्त केशवरावांचा. धाप लागलेल्या माणसाच्या बोलण्यावर जाऊ नका, असं तेच बजावायचे... इतरांच्या बाबतीत! मान राखता राखता आम्ही एक माणूस घालवून बसलो.

परवा भेटायला गेलो, तर त्यांच्या पत्नी सुमनवहिनी दवाखान्याच्या खोलीत एकट्याच बसलेल्या.

"भाऊजी, हात तर मी धरला होता त्यायचा," त्या म्हणाल्या. "शेवटपर्यंत धरला होता. थंड लागून राहिला, एवढंच मले समजलं. साऱ्या मुलखाले शिकवलं त्यायनं... मले नाही शिकवलं."

एरवी माझ्यासमोर पदर सावरून बसणाऱ्या वहिनींनी माझं मनगट ओढून घेतलं. "दाखवा, कुठं पाहतात."

मी त्यांची बोटं नाडीवर ठेवली. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, ओठ हलवत, त्या मोजू लागल्या.