उरलेले ओंडके

बाबांनी मला दाखवलं तेव्हा ते कलम अर्धं वाळलं होतं. गडग्याजवळचं, बागेच्या दगडी कुंपणालगतचं हापूस. खोडावर सुईच्या टोकाएवढी भोकं, त्यांतून सांडलेला बारीक भुसा आणि डिंकाचे काळे ओघळ.

"किडा आहे, ते कळतंय मला," बाबा म्हणाले. "पण एवढासा किडा एवढं झाड नाही मारीत. त्याच्याबरोबर आणखी कोणीतरी येतंय. कोण ते बघ तू."

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. सालीखालचे भुंगेरे काढून त्यांच्या अंगावरची बुरशी मी नळ्यांमध्ये वाढवली. सूक्ष्मदर्शकाखाली ती काळ्या, लांब मानेच्या सुरईसारखी दिसे. मानेच्या टोकाशी एक चिकट थेंब, त्यात तिचं बी. भुंगेरा घासून गेला की थेंब त्याच्या अंगाला लागणार. आधी कोणी केलेल्या एकाही वर्णनाशी ती जुळेना.

नव्या जातीचं वर्णन छापायचं तर बुरशीसकट सालीचा तुकडा वाळवून कायमचा जपावा लागतो. ते काम मी पुढे ढकलत राहिले. कलम कुठे पळून जाणार होतं? बाबा रोज घरापुढच्या खळ्यात बसून विचारायचे, "लागला पत्ता?" मी म्हणायचे, "लिहितेय."

एका सकाळी चहा घेता घेता बाबा गेले. वाडीतली माणसं चितेच्या लाकडांसाठी कुऱ्हाडी घेऊन बागेत शिरली. फळतं कलम कोणी तोडत नाही, त्यांनी वाळलेलं तोडलं. मी खळ्यात उभी होते. कुठलं झाड ते पहिल्याच घावाला कळलं, पण अशा वेळी काय बोलणार?

सुतकात कॉलेजला जायचं नव्हतं. पडवीतून मागच्या दारी आणि मागच्या दारातून पडवीत मी फिरत राहिले. येणारी माणसं बाबांबद्दल बोलत, आणि माझं मन त्या नळ्यांपाशी असे. त्याची लाज वाटे, तरी ते हलत नसे.

चौदाव्या दिवशी कॉलेजात गेले. सगळ्या नळ्यांवर हिरवी बुरशी चढली होती, शिळ्या भाकरीवर येते तीच. तशीच बागेत आले, तर खुंटाच्या जागी राखेचा खड्डा.

"तूच म्हणाली होतीस ना," बाबांचे धाकटे भाऊ, काका, म्हणाले, "रोगट झाड मुळासकट जाळावं?"

मीच म्हणाले होते.

"काका, त्या दिवशी सगळी लाकडं लागली का हो?"

"दोन ओंडके उरलेत, स्मशानातल्या शेडमध्ये." मग त्यांना उमगलं. "अगो, खूळ लागलं काय तुला? तिथलं लाकूड घरी आणतात?"

"घरी नाही, कॉलेजात नेते."

"का? कॉलेजातल्यांना घरदार नाही काय?"

पण कोयता घेऊन तेच पुढे निघाले.

ओंडक्यांखाली ताजा भुसा होता. काका साल सोलत होते, मी कागदी पाकिटं धरून होते. एक भुंगेरा त्यांच्या अंगठ्यावर चढला.

"हाच काय तो?"

"हा नाही. ह्याच्या अंगावर आहे तो."

"म्हणजे दादा बरोबर सांगत होता." त्यांनी भुंगेरा अलगद पाकिटात सोडला. किडा दुसऱ्यांच्या बागांत जाऊ नये म्हणून उरलेले ओंडके आम्ही तिथेच जाळले. पुन्हा धूर झाला, तेव्हा काका पाठ करून उभे राहिले.

बुरशी पुन्हा वाढली. साल वाळली. सगळं लिहून झालं, एक ओळ सोडून: नमुना कुठे मिळाला. 'आंब्याची बाग' लिहिलं, खोडलं. झाड तिथलं होतं, ही साल तिथून घेतलेली नव्हती. उठले, पाणी प्यायले, बसले, पुन्हा उठले. असे कितीतरी दिवस गेले. शेवटी लिहिलं: स्मशानशेड, चितेतून उरलेला ओंडका. गोळा करणारे म्हणून काकांचं नाव माझ्या आधी घातलं.

आज लेख पाठवला. पाठवल्यावर 'लागला पत्ता' असं सांगायला म्हणून खळ्यापर्यंत गेले. तिथे कोणी नव्हतं. परत आत येऊन नळ्या नीट आहेत ना ते बघायला कॉलेजात निघाले.